लसणाची कॅप्सूल आणि आपलं हृदय

श्रोतेहो, नमस्कार.

लसणाची अखंड पाकळी नाकाशी धरली, तर वास जेमतेम येतो. तीच ठेचली की दर्प खोलीभर पसरतो. हृदयासाठी म्हणून लसणाच्या ज्या कॅप्सूल घेतल्या जातात, त्या समजून घ्यायच्या तर या ठेचण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

पाकळीच्या पेशींत ॲलिइन नावाचं द्रव्य एकीकडे असतं आणि ॲलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसरीकडे. ठेचलं की मधले पडदे फाटतात, दोघं एकत्र येतात आणि तो दर्प देणारं ॲलिसिन तयार होतं. कॅव्हलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी 1944 साली ते वेगळं करून दाखवलं. पण हे ॲलिसिन मोठं नाजूक. थोड्या काळात त्याची गंधकाची निराळीच संयुगं होतात. शिवाय ते घडवणारं विकर उष्णतेनं निकामी होतं आणि जठरातल्या आम्लानंही. म्हणून लसूण ठेचल्यावर दहा मिनिटं थांबून मग शिजवावा, हे सांगणं खरोखर उपयोगाचं आहे.

आता कॅप्सूलकडे येऊ. एकीत वाळवलेल्या लसणाची पूड असते, दुसरीत लसणाचं तेल, तिसरीत कित्येक महिने मुरवलेला अर्क. या अर्कात ॲलिसिन जवळजवळ नसतंच, त्यात वेगळी संयुगं असतात. म्हणजे बाटलीवर ‘लसूण’ असं एकच नाव असलं, तरी आत एकच वस्तू असेल असं नाही. पुडीच्या बाटलीवर ॲलिसिनचा आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा ‘इतकं तयार होऊ शकेल’ असा असतो. पोटात गेल्यावर तेवढं होईलच, याची हमी त्यात नसते.

कोलेस्टेरॉलचं काय? अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याची काटेकोर परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, मध्यम प्रमाणात वाढलेल्या 192 जणांचे चार गट केले. एका गटाला कच्चा लसूण, दुसऱ्याला पुडीच्या गोळ्या, तिसऱ्याला मुरवलेला अर्क आणि चौथ्याला नुसत्याच, औषध नसलेल्या गोळ्या. आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने. शेवटी कोणत्याही गटाच्या एलडीएलमध्ये दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. पुढे 2022 मध्ये आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या 5 मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेनं 28 दिवसांत एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरलं. लसणाच्या गोळीनं ते उतरलं नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत चित्र जरा आशादायक आहे, आणि ते दडवणं बरोबर होणार नाही. अनेक छोट्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला असतो त्यांचा वरचा आकडा लसणानं काहीसा खाली येतो. लसणातल्या संयुगांपासून तांबड्या पेशींच्या मदतीनं हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि तो रक्तवाहिन्या सैल करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तरीही लसणाच्या गोळीनं हृदयविकाराचे झटके टळतात, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती ‘नैसर्गिकच तर आहे’ या वाक्याची. लसणातली काही संयुगं, उदाहरणार्थ अजोईन, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकांना चिकटू देत नाहीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखं रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध चालू असताना त्यावर लसणाची भारी मात्रा पडली, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे निम्म्यावर आल्याची नोंद आहे. आणि सगळ्यात वाईट काय, तर कॅप्सूल सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणं. कृपा करून असं करू नका.

जेवणातल्या लसणाबद्दल बहुतेकांना घाबरायचं कारण नाही. तो आवडीनं खा. कॅप्सूल मात्र तुमच्या औषधांच्या यादीत मोजली गेली पाहिजे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभर आधी ती थांबवा. दात काढायचा असेल, तर दंतवैद्यांच्याही कानावर घाला. आणि पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा बाकीच्या औषधांबरोबर ती बाटलीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

नमस्कार.