निळ्या कोंबडीची काळी-पांढरी पिल्लं

(दृश्य: पौडजवळची पहाट. शेडचं दार उघडतं, कोंबड्या अंगणात येतात.)

पुण्यातला चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की पाऊण तासात आमचं घर. घरामागं पत्र्याची शेड, शेडात पन्नासेक कोंबड्या. त्यातल्या या बघा, ओल्या पाटीच्या रंगाच्या. ऊन पडलं की निळसर दिसतात. फॅन्सी कोंबड्या पाळणारे यांना 'ब्लू' म्हणतात.

ब्लू कोचीन जातीची एक जोडी मी चार वर्षांपूर्वी आणली. आजीची गावठी कोंबडी तेव्हा खुडूक होती, तिच्याखाली दहा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. चार निळी, तीन काळी आणि एक मळकट पांढरं. पुढं पिसं आली तशी त्या पांढऱ्याच्या अंगावर शाई शिंपडावी तसे ठिपके उमटले. मला वाटलं, जोडी भेसळीची निघाली.

जोडी अस्सल होती. निळा रंगच असा आहे. आई आणि बाप दोघंही निळे असले, तर सरासरी चार पिल्लांत दोन निळी, एक काळं, एक ठिपक्यांचं. रंग फिका करणारा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला की काळ्याचा निळा होतो. दोघांकडून आला की जवळजवळ पांढरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट या आनुवंशिकीच्या शास्त्रज्ञांनी अँडालुशियन जातीच्या निळ्या कोंबड्यांवर हेच तपासलं होतं. कितीही पिढ्या निवड करा, निळ्याची सगळी पिल्लं निळी होणार नाहीत.

(दृश्य: वहीची पानं. रंगीत रिंगा घातलेले पाय.)

हे मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं मी काळी आणि ठिपक्यांची पिल्लं विकत राहिलो, आणि घरातलीच निळी भावंडं एकमेकांना लावत राहिलो. ही वही त्या वर्षांची आहे. पहिल्या वर्षी दहातून आठ पिल्लं. तिसऱ्या वर्षी बारा अंड्यांतून पाच, त्यातली दोन पायांत अधू. रंग मात्र सुरेख होता. ते पान उघडलं की अजून वाईट वाटतं.

आता प्रत्येकीच्या पायात रिंग आहे, कोणती कोणाची ते वहीत आहे, आणि कोंबडा दरवर्षी बाहेरून येतो. आला की महिनाभर अंगणाच्या पार टोकाला, वेगळ्या खुराड्यात. आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, शेवटी त्याला. त्याच्याकडं जायची माझी चप्पलही वेगळी. आजारी कोंबडी कितीही देखणी असली तरी तिची अंडी उबवायला ठेवत नाही.

(दृश्य: पाऊस. हातात घेतलेलं तूस.)

मुळशीचा पाऊस म्हणजे कोंबड्यांची खरी परीक्षा. खाली भाताच्या तुसाची गादी असते. ती ओली झाली की आधी नाकाला अमोनिया झोंबतो, मग पिल्लांना रक्ती हगवण लागते. म्हणून तूस रोज खालीवर करायचं, भिजलेलं काढून टाकायचं. मूठ दाबून उघडली की तूस मोकळं पडलं पाहिजे. गोळा झाला तर बदलायचं. बुरशी धरलेला मका स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही, त्यातलं विष यकृतावर जातं. कोरड्या कोपऱ्यात चुलीची राख ठेवली आहे. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळतात, उवा कमी होतात. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, त्यामुळे पिसं झडायच्या दिवसांत खाद्यात सोयाबीनची पेंड वाढवतो.

आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आठवड्यात शेड रिकामी. त्यावर औषध नाही, लसच आहे. ती इथं पुण्यातच, औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पिल्लू सात दिवसांचं झालं की डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडं पिल्लं पंधरा. मग आळीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी धरायची. डब्यात बर्फ घेऊन मी घरोघर फिरतो. शेजारच्या काकू म्हणतात, "दादा, आधी आमच्याकडं या, आमची लई पळतात."

(दृश्य: अंधारात टॉर्चवर धरलेलं अंडं.)

यंदा ठिपक्यांचा कोंबडा सहा काळ्या तलंगांबरोबर, म्हणजे तरण्या कोंबड्यांबरोबर, सोडला. या जोडीची सगळीच पिल्लं निळी होतात, आणि याच दोन्ही रंगांची पिल्लं मी पूर्वी विकून टाकत होतो. त्यांची अंडी उबवणीच्या पेटीत आहेत, आज अठरावा दिवस. आता अंडी फिरवायची नाहीत, पाण्याची वाटी फक्त भरून ठेवायची. पिल्लं निघाली की आठ दिवसांनी लस. काकूंना आजच सांगून ठेवलंय.