शनिवार-रविवारची लीग : जपानमध्ये गो शिकणारे परदेशी

नमस्कार श्रोतेहो.

टोकियोत इचिगाया नावाचं स्टेशन आहे. तिथून हाकेच्या अंतरावर निहोन कि-इनची इमारत उभी आहे. निहोन कि-इन म्हणजे जपानमधली गो या खेळाची मुख्य संस्था, स्थापना 1924ची. शनिवारी आणि रविवारी या इमारतीत शाळकरी मुलं समोरासमोर बसून गो खेळत असतात. दहा-बारा वर्षांची, कुणी त्याहून लहान. त्यांना म्हणतात इन्सेई, म्हणजे व्यावसायिक होण्यासाठी तयारी करणारे विद्यार्थी. मधूनच एखाद्या पटाशी पंचविशीचा, उंच, दाढीवाला युरोपियन बसलेला दिसायचा. समोर जेमतेम पाय जमिनीला टेकणारी मुलगी, आणि बहुतेक वेळा घाम त्यालाच फुटलेला.

आजचं बोलणं या दाढीवाल्याबद्दल आहे.

आधी खेळ थोडक्यात. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा, म्हणजे 361 छेदबिंदू. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. पहिली चाल काळ्याची. खडा रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. एकदा ठेवला की तो हलत नाही, चहूबाजूंनी घेरला गेला तरच उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. पहिल्या चालीचा फायदा भरून काढायला पांढऱ्याला आयते साडेसहा गुण मिळतात, त्याला कोमी म्हणतात. अर्धा गुण अशासाठी की बरोबरी होऊ नये. नियम एवढेच. दुपारी शिकलात तर संध्याकाळी खेळू शकता.

आता 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ. बुद्धिबळात पुण्याचे अभिजित कुंटे 2000 साली ग्रँडमास्टर झाले. त्यासाठी कुणा संस्थेत नाव घालून राहावं लागलं नाही. तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमधल्या ठरलेल्या दर्जाच्या तीन कामगिऱ्या, आणि 2500 रेटिंग हवं, ते जगात कुठेही खेळून मिळवता येतं. गोमध्ये तसं नाही. व्यावसायिकत्व हा संस्थेने दिलेला परवाना आहे आणि जागा मोजक्या. टोकियोच्या मुख्यालयात अलीकडच्या पद्धतीत मुख्य परीक्षेतून वर्षाला दोघं, इन्सेई लीगमधल्या कामगिरीवर एक, आणि मुलींसाठी वेगळी जागा. तुम्ही कितीही चांगले खेळलात आणि तिसरे आलात, तर पुढच्या वर्षी या. त्यात वयाची अट. परीक्षेला साधारण 23च्या आत बसावं लागतं, आणि इन्सेईचं वय तर त्याहून खूप आधी संपतं. परदेशी विद्यार्थ्यांना या अटीत सवलत दिली गेली, म्हणूनच तो दाढीवाला तिथे बसू शकला.

जपान हा खेळ बाहेरच्यांना नवा शिकवत होता असं नव्हे. विसाव्या शतकातले जपानी गोचे कित्येक मोठे खेळाडू जन्माने जपानी नव्हतेच. गो सेइगेन 1928 साली चीनमधून आले तेव्हा चौदा वर्षांचे होते. रिन काइहो 1952 मध्ये तैवानहून आले, वय दहा. चो चिकुन 1962 मध्ये कोरियाहून आले, वय सहा! किमुरा, यामादा अशी नावं ऐकायला सरावलेल्या जपानी लोकांनी या तिघांची नावं किताबाच्या यादीत वर्षानुवर्षं वाचली.

चो चिकुन जपानला पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचे गुरू कितानी मिनोरू यांच्या शिष्यांच्या दानांची बेरीज शंभरावर गेली, म्हणून समारंभ होता. दान म्हणजे खेळाडूची पायरी. तिथे या सहा वर्षांच्या पोराला रिन काइहोंसमोर बसवलं, तेव्हा ते सहा दान होते. पोराला पाच खड्यांची सूट, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच त्याचे पाच काळे खडे पटावर. पोरगा जिंकला. अकराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला.

वय पाहा. सहा, दहा, चौदा. पाश्चात्त्य खेळाडूंची गाडी इथेच अडते. मायकेल रेडमंड हा अमेरिकेचा, कॅलिफोर्नियातला. तो चौदाव्या वर्षी इन्सेई झाला, 1981 मध्ये व्यावसायिक आणि 2000 साली नऊ दान, म्हणजे वरची शेवटची पायरी. तिथे पोचलेला पहिला पाश्चात्त्य. त्याच्या आधी 1978 मध्ये दोघांनी दार उघडलं होतं : ऑस्ट्रियाचा मानफ्रेड विमर ओसाकाच्या कान्साई कि-इनमधून आणि अमेरिकेचा जेम्स केरविन टोकियोतून. हे दोघं मोठ्या वयात आले होते आणि त्यांची मजल रेडमंडएवढी गेली नाही. बुद्धीत फरक होता असं मला वाटत नाही. फरक चौदाव्या वर्षाचा होता.

का, ते जरा जवळून पाहू.

गोमध्ये खड्यांचा गट जिवंत राहायला त्याला आत दोन वेगळे डोळे लागतात, म्हणजे दोन रिकाम्या जागा, ज्या प्रतिस्पर्ध्याला एकदम बुजवता येत नाहीत. समजा, गटाच्या आत एका ओळीत तीन जागा मोकळ्या आहेत. चाल तुमची असेल तर मधल्या जागी खेळा, दोन डोळे झाले, गट जगला. चाल त्याची असेल तर तोही मधेच खेळणार, गट मेला. एका ओळीत चार असतील तर काळजी नको : तो मधल्या दोहोंपैकी एकीवर बसला की तुम्ही दुसरीवर बसा. पण चार जागा चौकोनात असतील तर गट मेलेला आहे, चाल तुमची असली तरी. इथपर्यंत कुणीही हौशी खेळाडू येतो.

पुढे गंमत आहे. आत चार मोकळ्या जागांचा एक मोठा डोळा असेल, तर तो बुजवायला किती चाली लागतील? माणूस म्हणतो, चार. चूक. पाच. कारण आत टाकलेले खडे तुम्ही उचलता आणि त्याला पुन्हा भरत बसावं लागतं. तुमच्या उचलण्याच्या चाली वजा करून निव्वळ हिशोब असा : तीन जागांना तीन, चार जागांना पाच, पाच जागांना आठ, सहा जागांना बारा. आता दोन गट एकमेकांना घेरून बसलेत आणि जो आधी बुजवेल तो जिंकणार. चाराला चार धरणारा एका चालीने हरतो. एक चाल हुकली की वीस-पंचवीस खडे गेले, खेळ गेला.

हे आकडे पाठ करायला एक दिवस पुरतो. इन्सेईला ते पाठ करावे लागत नाहीत, त्याला ते दिसतात, जसे आपल्याला पाढे न म्हणता सातापाचा पस्तीस दिसतात. त्यामागे लहानपणापासूनचे हजारो कूटप्रश्न असतात. त्यांना त्सुमेगो म्हणतात : जगणं-मरणं ठरवणारे छोटे प्रसंग, पटावर हात न लावता डोक्यात सोडवायचे. विशीत आलेला विद्यार्थी पहिल्यांदा जिथे चुकतो ती जागा हीच. तो सुरुवातीच्या चालींचे प्रकार, ज्यांना जोसेकी म्हणतात, ते शिकण्यात महिने घालवतो, कारण त्यात प्रगती वहीत दिसते. मग लीगमध्ये त्याची सुरुवात सुंदर होते, पन्नासाव्या चालीला तो पुढे असतो, आणि शंभराव्या चालीजवळ एक बारा वर्षांचं पोर त्याचा गट शांतपणे मारतं.

लीगची रचना निर्दय आहे. इन्सेई वर्गांत विभागलेले, अ, ब, क असे. महिनाभराच्या निकालावर वरचे चढतात, खालचे उतरतात. आपल्या देशात पहिल्या पाचात असलेला हौशी खेळाडू इथे आला की बहुधा तळाच्या वर्गापासून चढायला लागतो. हरण्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते हरल्यावर घरी जाण्याने. खेळ संपला की दोघं तोच खेळ पुन्हा पटावर मांडतात, कुठे चुकलं ते बोलतात. हे बोलणं जपानीत चालतं. भाषा कच्ची असेल तर समोरचा नम्रपणे मान हलवतो, दोन चाली दाखवतो आणि उठतो, आणि शिकवणीचा निम्मा भाग तिथेच वाया जातो. जायचा विचार असेल तर विमानाच्या तिकिटाआधी वर्षभर जपानी शिका, हे अगदी व्यवहाराचं सांगणं आहे.

कागदपत्रांची बाजूही सोपी नाही. एखाद्या व्यावसायिक खेळाडूने गुरू म्हणून जबाबदारी घ्यावी लागते. जपानच्या व्हिसात 'सांस्कृतिक उपक्रम' असा एक प्रकार आहे, इकेबाना किंवा जुदो शिकायला येणाऱ्यांसाठी. त्यावर परवानगीशिवाय कमाई करता येत नाही. इन्सेईची महिन्याची फी, खोलीचं भाडं, जेवण, सगळं घरून किंवा पाठिराख्यांकडून आणायचं, आणि किती वर्षांसाठी ते कुणीच सांगू शकत नाही.

जुन्या काळी यावर उपाय होता : गुरूच्या घरी राहणं. त्या शिष्याला उचिदेशी म्हणत. आपल्याकडे गाणं शिकायला गुरूच्या घरी राहून पाणी भरायचे, तसंच. गंमत म्हणजे परंपरेप्रमाणे गुरू शिष्याशी स्वतः क्वचितच खेळे. शिष्य एकमेकांशी खेळत, आणि मोठे शिष्य लहानांना घडवत. आता ती जागा रोजच्या दोजोंनी, म्हणजे सरावाच्या शाळांनी, घेतली आहे. टोकियोत हाँग नावाच्या कोरियन खेळाडूने काढलेल्या दोजोतून इचिरिकी र्‍यो आणि शिबानो तोरामारू हे जपानी खेळाडू घडले. इचिरिकीने 2024 मध्ये इंग चषक ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. म्हणजे परदेशी माणूस शिकवणारा आणि शिष्य जपानी, अशीही उलटी गंगा वाहते.

मोठ्या वयात येऊन यशस्वी झालेलेही आहेतच. रोमानियाचा काटालिन तारानू 1995 मध्ये आला आणि 1997 मध्ये व्यावसायिक झाला, तोही टोकियोतून नव्हे, नागोयातून. निहोन कि-इनच्या ओसाका आणि नागोयाच्या शाखांना स्वतःच्या जागा असतात, आणि कुठून प्रयत्न करायचा हाही डावपेचाचाच भाग आहे. त्याच वर्षी जर्मनीचा हान्स पीच टोकियोत व्यावसायिक झाला, जपानला आल्यावर सात वर्षांनी. 2003 मध्ये ग्वाटेमालात गोच्या प्रसारासाठी गेला असताना लुटारूंनी त्याला ठार मारलं. त्याला मरणोत्तर सहा दान देण्यात आलं. त्यानंतर फिनलंडचा आंटी टॉर्मानेन 2016 मध्ये व्यावसायिक झाला. मधला काळ मोजा, एकोणीस वर्षं.

त्याच 2016 च्या मार्चमध्ये अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमने कोरियाच्या ली सेडोलला चार विरुद्ध एक असं हरवलं. इंग्रजी समालोचन करायला सेऊलमध्ये मायकेल रेडमंड होता. तेव्हापासून सराव बदलला. अगदी सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात तीन-तीन बिंदूवर घुसणं पूर्वी अडाण्याचं लक्षण मानत, आता ते रोजचं झालं. चांगला प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालतो, त्यामुळे चाल बरोबर की चूक हे हेलसिंकीत बसूनही कळतं. शिवाय युरोपात 2014 पासून स्वतःची व्यावसायिक परीक्षा आहे, अमेरिकेत 2012 पासून. मग इचिगायाला जायचं कशाला? माझ्या मते कारण एकच उरतं : आठवड्याला ठरलेल्या दिवशी, घड्याळ लावून, आपल्याइतक्याच भुकेल्या माणसासमोर बसणं. प्रोग्रॅमला भूक नसते, आणि त्याच्यासमोर हरल्याची लाजही वाटत नाही.

परीक्षा पास झाली की माणूस शोदान होतो, पहिली पायरी. दुसऱ्या दानाला 30 विजय लागतात, तिथून तिसऱ्याला आणखी 40, मग 50, 70, 90, 120, 150, आणि आठव्यातून नवव्याला 200. खालच्या दानाच्या खेळाडूला सामन्यांच्या मानधनावर टोकियोचं भाडं भागत नाही, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागतात, आणि सरावाचे तास त्यांतूनच कापले जातात. इमारत तीच राहते, पण शनिवार-रविवार आता मुलांचे. व्यावसायिकाचे सामने सोमवारी आणि गुरुवारी.

नमस्कार.