मल्टीचं मागचं दार

(इंदूरच्या एका वासंतिक व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी जरा हात वर करा बघू, आज इथे बसने कोण कोण आलं? तीन. त्यातल्या एक आमच्या सौभाग्यवती, त्यांना मीच ओढून आणलं, म्हणजे दोनच धरायचे. बाकीच्यांनी राजवाड्याभोवती गाडी लावायला किती चकरा मारल्या, ते विचारत नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. माणसं फार झाली, मल्ट्या वाढल्या, म्हणून रस्ते तुंबले. ‘मल्टी’, म्हणजे अनेक मजल्यांची फ्लॅटची इमारत, हा आपला खास इंदुरी शब्द. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना समजावून सांगावा लागतो. आज मी या मल्टीचं वकीलपत्र घेऊन उभा आहे. पण अशिलाची सगळी बाजू मलाही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

थोडं गणित करू. बसच्या थांब्यापर्यंत माणूस किती चालतो? फार तर अर्धा किलोमीटर, मे महिन्यात तेवढंही नाही. थांबा मधोमध धरून अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर आत साधारण 78 हेक्टर जमीन येते. तिथे ऐसपैस बंगले असले आणि हेक्टरी 50 माणसं राहत असली, तर झाली 3,900. त्यातला विसातला एक जण सकाळच्या दोन तासांत बसने निघाला, तर 195. म्हणजे साठ माणसांच्या जेमतेम तीन बसगाड्या, चाळीस मिनिटांनी एक. आता त्याच वर्तुळात हेक्टरी 250 माणसं ठेवा. पाचपट झाले. सोळा गाड्या भरतात, साडेसात-आठ मिनिटांनी एक. खरी बस दहा थांब्यांची माणसं गोळा करत जाते हे मला ठाऊक आहे, पण प्रमाण तेच राहतं.

चाळीस मिनिटं उभं राहायची वेळ आली की माणूस काय करतो? स्कूटर घेतो. हप्ता सुरू झाला की पुढची पाच-सात वर्षं तो बसकडे ढुंकून बघत नाही. मग गाड्या आणखी रिकाम्या धावतात, फेऱ्या आणखी कमी होतात. विरळ वस्तीतली बस अशी झिजत झिजत बंद पडते, कोणी मुद्दाम बंद न करता.

अलाँ बर्तो नावाच्या नगररचनाकाराने दोन शहरं शेजारी ठेवून दाखवली होती. 1990च्या सुमारास बार्सिलोनात 28 लाख लोक, अमेरिकेतल्या अटलांटात 25 लाख. जवळपास सारखेच. पण बार्सिलोनाची बांधीव जमीन 162 चौरस किलोमीटर आणि अटलांटाची 4,280. बार्सिलोनात 99 किलोमीटर मेट्रो होती, आणि शहरातल्या 60 टक्के लोकांचं घर स्टेशनपासून 600 मीटरच्या आत. अटलांटात 74 किलोमीटर मेट्रो असूनही 800 मीटरच्या आत राहणारे फक्त 4 टक्के. बार्सिलोनाइतकी सोय करायची तर अटलांटाला आणखी 3,400 किलोमीटर रूळ टाकावे लागले असते. कोणत्या सरकारला परवडेल?

पण बार्सिलोना म्हटल्यावर डोळ्यांसमोर टॉवरचं जंगल आणू नका. तिथे बहुतेक घरं सहा-सात मजल्यांची, रस्त्याला चिकटून उभी, खाली दुकानं. जुन्या शहरातला आपला मल्हारगंज, आपला सराफा याच जातकुळीचा. दाट असायला उंच असावं लागत नाही, आणि उंच असलं की दाट असतंच असंही नाही. तीस मजल्यांचा टॉवर उभारून त्याच्याभोवती लॉन, क्लबहाऊस आणि पार्किंग पसरलं, तर हेक्टरी माणसं कधीकधी जुन्या मोहल्ल्यापेक्षा कमीच भरतात.

आणखी एक घोळ आपण करतो. गर्दी आणि घनता एकच समजतो. एका खोलीत आठ माणसं ही गर्दी. एका हेक्टरात अडीचशे माणसं आपापल्या नीट घरांत, ही घनता. हा फरक आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वीच कोणी तरी दाखवून दिला होता. होळकर दरबारने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, तेव्हा गाव प्लेगने हैराण झालं होतं. त्याचा अहवाल 1918 साली दोन खंडांत छापला गेला. त्या काळच्या इंजिनिअरांचा खाक्या असा, की दाट वस्ती दिसली की मधून सरळ रुंद रस्ता काढायचा. गेडीस गल्लीबोळांतून पायी हिंडायचा आणि म्हणायचा, इथे एक पडकं घर काढा, तिथे चार झाडं लावा, वारा खेळू द्या, बाकी मोहल्ला राहू द्या. दिवाळीत त्याने स्वच्छतेची मिरवणूकही काढली होती, त्यामुळे स्वच्छतेचा उत्साह आपल्याकडे अलीकडेच आला असं कोणी समजू नये.

आता आपल्या बसकडे येतो. एलआयजी चौराह्यावरून तुम्ही रोज जाता. ते नाव कुठून आलं? लो इन्कम ग्रुपच्या घरांवरून. आधी घरं झाली, मग चौराहा, मग तिथे आयबस या शहर-बसचा थांबा. हा क्रम मला फार आवडतो. 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेल्या लेनचा मार्ग, सुरू झाला, तो एबी म्हणजे आग्रा-मुंबई रोडवर, दोन्ही अंगांना भरलेल्या कॉलन्यांमधून. बस धावली यात नवल नव्हतं, तिला माणसं घराजवळच मिळत होती. नोव्हेंबर 2024 मध्ये तो काढायची घोषणा झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मला विचाराल तर चूक झाली. गाडीत अडकलेल्या माणसाला शेजारची मोकळी लेन डोळ्यांत खुपते, हे मी समजू शकतो. पण बसची लेन मोकळी दिसते म्हणूनच बस वेळेवर पोचते. ती तुंबलेली दिसायला लागली, तर ती कामाची राहिली नाही.

आणि मेट्रो? 31 मे 2025 रोजी, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला, ती सुरू झाली. साधारण सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर. पहिला आठवडा फुकट, तेव्हा आजी-नातवंडांसह सगळे बसून आले, आम्हीही गेलो. मग गर्दी ओसरली. तिथे आयटीवाल्यांचे मोठे कॅम्पस आहेत, बाकी मोकळं माळरानच जास्त. तुम्ही म्हणाल, मेट्रो पुढे गेलीय, वस्ती मागून येईल. येईलही. केंद्राचं 2017चं धोरणही हेच सांगतं, की स्टेशनपासून 500 ते 800 मीटरच्या पट्ट्यात घनता वाढवा. माझी काळजी वेगळी आहे. ती वस्ती बायपासवरच्या टाउनशिपसारखी आली तर? एक मोठं गेट, चारी बाजूंना भिंत, आत हजार फ्लॅट. नकाशावर स्टेशन दोनशे मीटरवर दिसतं, आणि पायी जायला निघालं की किलोमीटर होतो. कंपासने काढलेलं ते वर्तुळ भिंतीपाशी आलं की निकामी.

हे मी घरच्या अनुभवावरून बोलतोय. आमच्या मल्टीच्या मागे बसचा थांबा आहे. मागचं दार उघडं असलं तर दीडशे पावलं. ते बंद असलं तर पुढच्या गेटने, सर्व्हिस रोडने, नाल्यावरून वळसा घालून पंधरा मिनिटं, आणि तिथे फुटपाथ नाही. कमिटीने दोन वर्षांपूर्वी त्या दाराला कुलूप घातलं. कारण सुरक्षितता. मी अर्ज दिला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास उघडा, चौकीदाराचा जादा पगार आम्ही बसवाले देतो, असंही लिहिलं. मागच्या रविवारी सभेत मतदान झालं. सात विरुद्ध चौतीस. सातांत मी आणि आमच्या सौभाग्यवती धरून. बाकीचे पाच कोण, तर चार घरकामाला माणसं येतात ती घरं, कारण त्या बायका बसने येतात आणि उशीर झाला की भांडी पडून राहतात, आणि एक कॉलेजातला मुलगा, ज्याला वडिलांनी अजून बाइक घेऊन दिलेली नाही. सभा संपल्यावर तो मला म्हणाला, काका, पुढच्या वर्षी मी तुमच्या बाजूला नसेन, बाबा दिवाळीत घेऊन देणार आहेत.