सीतेच्या नावचं वावर

(रावेरीचं देऊळ बाहेरून, मग गाभारा)

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातलं हे रावेरी. देऊळ सीतेचं. गाभाऱ्यात राम नाही, सीता एकटीच. गावातले म्हातारे सांगतात, रामानं गरोदर सीतेला सोडलं ते इथल्याच रानात. लव-कुश इथंच जन्मले. बाळंतीण सीता मूठभर गहू मागत दारोदार फिरली, कुणी दिला नाही. तिनं शाप दिला, या शिवारात गहू पिकणार नाही. आणि म्हणे पिढ्यानपिढ्या पिकलाही नाही. संकरित बियाणं आलं तेव्हा कुठं ओंब्या दिसायला लागल्या.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी ही कथा सभांमधून सांगायचे, पण भक्तीची म्हणून नाही, जमिनीची म्हणून. राजाची राणी, जनकाची लेक, आणि घराबाहेर काढली त्या दिवशी तिच्या नावावर वीतभर रान नव्हतं. मोडकळीला आलेल्या या देवळाचा जीर्णोद्धारही पुढे जोशींनीच करवून घेतला.

(कापूस वेचणी, बायकांच्या कमरेच्या ओट्या)

विदर्भात पहिल्या वेचणीला बायका सीतादही मांडतात. कपाशीच्या झाडाशी पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग ओटी बांधायची आणि तासाला लागायचं. पेरणी, निंदण, वेचणी, सगळं यांच्या हातचं. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटलेली दिसतात बघा. शेतकरी कोण, असं गावात विचारलं की बोट मात्र पारावर बसलेल्या माणसाकडं जातं.

(चांदवडची जुनी छायाचित्रं)

9 आणि 10 नोव्हेंबर 1986. नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. रेणुकेचं ठाणं, अहिल्याबाईंच्या रंगमहालाचं गाव. शेतकरी महिला अधिवेशनाला लाखाच्या वर बायका आल्या. कडेवर लेकरं, डोईवर पदर, छातीला संघटनेचा लाल बिल्ला. कांदा-उसाच्या भावासाठी रास्ता रोकोत बसलेल्या, तुरुंगात जाऊन आलेल्या बायका इथं पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलायला जमल्या. नेता पुरुष, हे काहींना तेव्हाही खटकलं, आणि खटकायलाच हवं होतं. पण मांडवात बसलेल्या बायका कुणी भाड्यानं आणलेल्या नव्हत्या.

जिल्हा परिषदेच्या सगळ्याच्या सगळ्या जागा बायकांनी लढवायच्या, असं ठरलं. निवडणुकाच लांबणीवर पडल्या. तरी जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावानं अख्खी ग्रामपंचायत बायकांच्या हाती दिली.

मग आली लक्ष्मीमुक्ती. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कोर्टकचेरी नाही, भांडण नाही, राजीखुशीनं. गावातल्या 100 घरांनी हे केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं, आणि तिथं जोशी स्वतः येणार. विटनेर यातही पुढं होतं. सप्टेंबर 1992 मध्ये राज्य सरकारनं परिपत्रकच काढलं: नवऱ्यानं अर्ज केला, तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं.

(तलाठी कार्यालय. फेरफाराची वही, जवळून)

परिपत्रक निघालं म्हणजे नाव लागलं असं नाही. ही वही बघा. गाव नमुना सहा, फेरफाराची, म्हणजे जमिनीवरच्या नावांत होणाऱ्या बदलांची. अर्ज आला की तलाठी इथं नोंद घेतो. ज्यांचा ज्यांचा संबंध त्यांना नोटीस जाते. 15 दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत घ्यायला भाऊबंद असतातच. एरवी वर्षभर तोंड न बघणारा चुलतभाऊ या 15 दिवसांत बरोबर उगवतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि नाव गाव नमुना सातवर, म्हणजे सातबाऱ्यावर, चढतं.

आता या सातबाऱ्याकडं नीट बघा. इथं भोगवटादाराचं नाव. हा जमिनीचा मालक. आणि बाजूला हा रकाना, 'इतर अधिकार'. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, बँकेचं कर्ज, सगळं यात कोंबलेलं असतं. बायकोचं नाव पुष्कळदा इथंच टाकून देतात, कर्जाच्या खाली. सातबाऱ्यावर नाव आलं म्हणून घरी पेढे वाटले जातात. पीककर्ज मागायला गेलं की कळतं, मालक म्हणून आपलं नाव नाहीच.

(बायकांची बैठक, पिशव्यांतून निघणारे कागद)

नवरा गेल्यावर तर हा रकाना फारच जाचतो. या बैठकीतल्या बहुतेक जणी एकल आहेत. काहींच्या नवऱ्यांनी कर्जापायी आत्महत्या केली. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, वारस नोंद दिरानं अडवलेली. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, राज्यात अशा बायकांसोबत काम करतो: कागद गोळा करणं, अर्ज लिहिणं, तहसीलच्या पायऱ्या चढणं. आता इथं अधिवेशनाचा मांडव नाही. आहे ती प्लास्टिकची पिशवी, त्यात मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स आणि तीनदा परत आलेला अर्ज.

कायदा बदलला नाही असंही नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. त्यानंतरच्या, 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत बायका जेमतेम 14 टक्के.

(संगणकावर सातबारा उघडताना, मग छापील प्रत)

सातबारा आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये पडतात. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर एवढं टाकायचं. आधी भोगवटादाराचा रकाना वाचा. मग 'इतर अधिकार'. आई, बायको किंवा भावजय तिथं सापडली, तर फेरफाराचा नंबर टिपून घ्या. तलाठ्याकडं पहिल्यांदा तोच विचारतील.