पाटीवर आमचं नाव कुठाय?

जुलै २०१६, लंडनची ब्रिटिश लायब्ररी. पंक संगीताला, म्हणजे १९७६च्या आसपासच्या त्या बंडखोर, आरडाओरडा करणाऱ्या रॉकला, ४० वर्षं झाली म्हणून प्रदर्शन लागलंय. ज्यांना एकेकाळी हॉटेलवाले दारात उभं करत नव्हते त्यांच्या जमान्याच्या वस्तू आता काचेआड, एकदम नीटनेटक्या मांडून ठेवलेल्या.

साठी ओलांडलेली एक बाई भिंतीवरचा माहितीफलक वाचत उभी आहे. त्यावर नावं दिसतायत सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, बझकॉक्स, सगळे पोरांचे बँड. बाई पेन काढते, तिन्ही नावांवर काट मारते आणि आपल्या अक्षरात लिहिते, द स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅनशीज. वर एक सवालही टाकते, बायकांचं काय!! आणि मग चक्क पूर्ण नावानिशी सही ठोकते. व्हिव्ह अल्बर्टीन. म्हणजे हे कुणी केलं ते शोधायला सीसीटीव्ही बघायचीही गरज नाही.

ही व्हिव्ह म्हणजे द स्लिट्सची गिटारिस्ट. बँडच्या नावाचा एक अर्थ चीर किंवा फट, दुसरा सुज्ञांस सांगणे न लगे.

(जुनं फुटेज : लंडनचे रस्ते, १९७६)

पॅटी स्मिथ या अमेरिकन गायिकेच्या एका कार्यक्रमाला स्लिट्सच्या पहिल्या दोघी भेटल्या. एक आरी, जन्म म्युनिकचा, वय वर्षं फक्त १४. दुसरी पालोमा, स्पेनहून आलेली. क्लॅशच्या पॉल सिमोननला पालोमा हे नाव काही जमेना, त्याने तिचं पामोलिव्ह करून टाकलं, हो तेच, आपल्याकडे कपिल देव ज्याची जाहिरात करायचा ते, आणि पोरीने तेच नाव कायमचं घेतलं. आरी गाणार, पामोलिव्ह ड्रम्स वाजवणार असं ठरलं. सुरुवातीला आणखी दोघी होत्या त्या लवकरच गेल्या आणि त्यांच्या जागी व्हिव्ह आणि बेसवर टेसा पॉलिट आली.

आता गंमत बघा. व्हिव्हची आजी वारली तेव्हा तिच्यासाठी २०० पाउंड ठेवून गेली होती, त्यातून तिने गिटार घेतली, वाजवता येत नसताना. टेसाचं तर त्याहून भारी, मार्च १९७७ मध्ये हार्ल्सडनला क्लॅशच्या आधी यांचा पहिला शो झाला तेव्हा तिच्या हातात बेस येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. आपल्याकडे आधी विशारद व्हा, मग गणपतीत चाळीतल्या स्टेजवर गा, असा हिशोब असतो. या पोरी स्टेजवरच शिकल्या, शेकडो लोकांसमोर, चुकत, थांबत, मध्येच एकमेकींवर ओरडत. पहिलं गाणं चौघींनी एकत्र सुरू केलं तर नशीब.

पण म्हणून त्यांना वाजवता येत नव्हतं एवढ्यावर गोष्ट संपवणं मला पटत नाही, अर्ध्या लेखांत तेवढंच लिहिलेलं असतं. कसं वाजवायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. रॉकमध्ये पुरुषांची जी ठरलेली चाल होती, बारा आवर्तनांच्या ठरीव साच्यातला ब्लूज आणि वर लांबलचक गिटार सोलो, ती त्यांना नकोच होती. शिवाय त्या ज्या रॉक्सी क्लबात जायच्या तिथे डॉन लेट्स नावाचा डीजे रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, लावायचा, कारण साधं आहे, पंकच्या रेकॉर्ड्स अजून फारशा निघाल्याच नव्हत्या. त्या रेगेचा बेस टेसाच्या बोटांत जाऊन बसला आणि आरी तर त्यात बुडालीच.

मे १९७७ मध्ये क्लॅशचा व्हाइट रायट दौरा निघाला, त्यात या चौघी. बस एकच. दौऱ्यातल्या पोरांनी काहीही धिंगाणा घातला तरी चालायचं, पण या मुलींना बसमध्ये घ्यायला ड्रायव्हर तयार नाही, त्याचे हात ओले करावे लागायचे. हॉटेलांत पण तेच. फाटके कपडे, विस्कटलेले केस, आतले कपडे बाहेरून घातलेले, आणि हे सगळं करून वर हसतायत, लोकांना नेमका त्याचाच राग यायचा. एकदा रस्त्यात एका माणसाने आरीवर मागून सुरा चालवला. अंगावर कपड्यांचे इतके थर होते म्हणून वाचली. शाळेत असायच्या वयाची मुलगी, आणि गुन्हा काय, तर तिचं दिसणं.

(अल्बमचं मुखपृष्ठ, कॅमेरा हळूहळू जवळ)

पहिला अल्बम यायला १९७९ उजाडलं. नाव कट. तोवर पामोलिव्ह गेली होती, ड्रम्सवर बजी नावाचा मुलगा आला. मुखपृष्ठावर तिघी उभ्या, कमरेला फडकं, बाकी अंगभर चिखल, मागे सरे परगण्यातल्या स्टुडिओची गुलाबं. फोटो पेनी स्मिथ या बाईंनी काढला. लोक आजही त्या फोटोवर वाद घालतात, पण त्या तिघींच्या नजरेकडे बघा ना, कुणाला आवडायला म्हणून उभ्या नाहीयेत त्या, शेतातून काम करून आल्यासारख्या उभ्या आहेत आणि विचारतायत, काय बघताय?

अल्बमचा निर्माता डेनिस बोव्हेल, बार्बाडोसमध्ये जन्मलेला रेगेवाला. त्यात न्यूटाउन नावाचं गाणं आहे, ते हेडफोन लावून ऐका. ताल धरायला काय वापरलंय तर काड्यापेटी. खुळखुळ वाजते, मग काडी ओढल्याचा चर्र आवाज, मध्येच चमचा पडतो. स्वयंपाकघरातला आवाज, पण गाणं आहे नशेबद्दल, म्हणजे ती काडी आणि तो चमचा तिथे कशाला आलाय ते लक्षात आलं की अंगावर काटा येतो. आणि टिपिकल गर्ल्स, त्यात टिपिकल मुलीच्या काळज्यांची यादीच दिलीय, मुरमं, वजन, वास, आणि मग विचारलंय की ही टिपिकल मुलगी तयार केली कुणी. अल्बम ब्रिटनच्या यादीत ३० नंबरपर्यंत गेला. १९८१ मध्ये दुसरा अल्बम आला आणि त्यानंतर बँड फुटला.

पण तोवर काम झालं होतं. लंडनच्या आर्ट कॉलेजातल्या जीना बर्चने यांचा शो बघितला आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे मुली करू शकतात. तिने आणि अॅना दा सिल्वाने द रेनकोट्स काढला, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमवर ड्रम्स कुणी वाजवले? पामोलिव्हने. त्यानंतर तोही बँड सोडून ती भारतात आली, मन:शांती शोधत. रेनकोट्सचा तो अल्बम झिजेपर्यंत ऐकणारा एक मुलगा १९९२ मध्ये नवी कॉपी शोधत लंडनभर फिरला आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात थेट अॅनासमोर जाऊन उभा राहिला. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन. त्याच्यामुळे पुढच्या वर्षी रेनकोट्सचे अल्बम पुन्हा बाजारात आले. तिकडे अमेरिकेत बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना शोमध्ये पोरींना पुढे या आणि पोरांना मागे व्हा म्हणत होती. १९७७ मध्ये स्लिट्सना बसमध्ये चढायला लाच द्यावी लागत होती हे लक्षात ठेवून तो प्रसंग बघा.

आरी २०१० मध्ये कॅन्सरने गेली, अवघी ४८ वर्षांची.

आणि व्हिव्ह? तिने बँड फुटल्यावर गिटारच ठेवून दिली. फिल्म शिकली, एरोबिक्स शिकवलं, लग्न, मुलगी, आजारपण. वीस-पंचवीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा गिटार उचलली तर बोटांना काही आठवेना, परत पहिल्यापासून सुरुवात. मग ती एकटीच छोट्या छोट्या पबमध्ये जायला लागली, जिथे कुणीही उठून गाऊ शकतं अशा रात्रींना. समोर बिअर पिणारी चार डोकी, त्यातली दोन गप्पा मारतायत. ती चुकायची, थांबायची आणि परत सुरू करायची.