‘थम्स अप’ म्हणजे ‘मिळालं’ नव्हे

मित्रहो, ‘थम्स अप’ हा इंग्रजी शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो आणि ‘निरोप पोचला’ व ‘मला मान्य आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी त्यात मिसळून टाकतो. हा गोंधळ किती महागात पडू शकतो, ते कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं हे प्रकरण. मार्च 2021 मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने 86 टन जवसाच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का झाल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्याने उत्तर म्हणून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र, म्हणजे ‘थम्स अप’चा इमोजी, धाडलं. माल नोव्हेंबरमध्ये द्यायचा होता. तोवर जवसाचे भाव चढले आणि माल काही पोचला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, ‘करार मिळाला, एवढंच मी कळवलं.’ न्यायालयाने 2023 मध्ये ते फेटाळलं, त्या चित्रालाच सही मानलं आणि 82,000 कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. 2024 मध्ये अपिलातही निकाल बहुमताने कायम राहिला. यात निर्णायक ठरला तो दोघांमधला जुना व्यवहार. आधीच्या करारांना हा शेतकरी ‘ओके’, ‘यप’ अशी तुटक उत्तरं द्यायचा आणि माल वेळेवर पोचवायचा. म्हणजे त्याच्या एका शब्दाला संमतीचं वजन आधीपासून होतं, तेच अंगठ्यालाही आलं.

मला हा निकाल पटतो. कारण इंग्रजीत या शब्दप्रयोगाचा रूढ अर्थच मुळी मंजुरी, पसंती असा आहे. ‘द बोर्ड गेव्ह द प्लॅन द थम्स अप’ म्हणजे संचालकांनी योजना मंजूर केली. नुसती वाचली असं नव्हे. मंजुरीच्या अर्थाने बहुधा ‘द’ लागतो. कुणी समोरून प्रत्यक्ष अंगठा दाखवला, तर ‘ही गेव्ह मी अ थम्स अप’. अंगठा एकच असला तरी ‘थम्स’ हे अनेकवचन सुटत नाही, एवढं लक्षात ठेवलं की व्याकरणाचं काम झालं.

अर्थ मात्र जागेनुसार फिरतो. पाण्याखाली पाणबुड्याने अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ ‘आता वर चला’. ‘सगळं ठीक’ हे सांगायला तिथे अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. नवशिक्याने सवयीने अंगठा दाखवला, तर जोडीदार डुबकी तिथेच थांबवून वर निघतो, आणि त्याने तसंच करायला हवं.

म्हणून कामाच्या निरोपाला उत्तर देताना मी आग्रहाने सांगेन: कागद नुसता पोचला असेल तर ‘रिसीव्ह्ड, विल रीड अँड रिप्लाय’ असं शब्दांत लिहा. पैसे, तारखा किंवा माल यांचा प्रश्न असेल, तर वाचून होईपर्यंत तो अंगठा पाठवूच नका.