भाग न देता ओळखलेली मूळ संख्या

आज एकाच संख्येबद्दल बोलायचंय. २ चा १२७ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. ३९ अंकी संख्या येते, १७०१४ ने सुरू होते, ७२७ ने संपते. ही मूळ संख्या आहे हे फ्रान्सचे गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये हातानं आकडेमोड करून दाखवलं, आणि पुढे थेट १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही.

आता शाळेत आपण काय शिकलो, वर्गमुळापर्यंत भाग देऊन बघायचं. इथे वर्गमूळच २० अंकी आहे, सेकंदाला १०० कोटी भागाकार केले तरी एकेक संख्या तपासत जायला ४०० च्या वर वर्षं लागतील! मग ल्युकांनी काय केलं? त्यांच्या रीतीचं पुढे अमेरिकी गणिती लेहमर यांनी चोख केलेलं रूप सांगतो, ३१ वर करून बघू, कारण ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, १४. परत तेच, १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. परत, ६४ वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. घात ५ होता, पायऱ्या ३, म्हणजे दोन कमी. शेवटी शून्य आलं म्हणून ३१ मूळ, आणि शून्य आलं नसतं तर नक्की मूळ नाही. आपल्या मोठ्या संख्येला अशा १२५ पायऱ्या पुरतात. फक्त १२५!

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की बाकी काढायलासुद्धा खरा भागाकार लागत नाही. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ही संख्या म्हणजे ओळीनं १२७ एक. त्यामुळे वर्ग केल्यावर जे अंक १२७ च्या पलीकडे जातात ते उचलायचे आणि खालच्या अंकांत मिळवायचे, झाली बाकी.

याच प्रकारची, २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या फ्रेंच गणिती मेरसेन यांनी १६४४ मध्ये मूळ म्हणून यादीत घातली होती. ल्युकांनी दाखवलं की ती मूळ नाही, पण अवयव काही हाती आले नाहीत, ते १९०३ मध्ये अमेरिकी गणिती कोल यांनी दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे मूळ आहे का हा प्रश्न वेगळा आणि अवयव कोणते हा वेगळा, दुसरा कितीतरी अवघड.

आता २, ३, ७, १२७ आणि आपली संख्या अशी साखळी बघा, प्रत्येक वेळी २ ला आधीची संख्या घात म्हणून लावायची आणि १ वजा करायचा. पाचही मूळ. सहावी? तिच्यात अंक किती हे सांगणारा आकडाच ३८ अंकी आहे, ती संख्या लिहूनच काढता येत नाही तर वर्ग कशाचा करणार. तिथे ल्युकांची रीत चालत नाही, परत भाजक शोधणंच उरतं, आणि तो भाजक आपल्या ३९ अंकी संख्येच्या सम पटीपेक्षा १ ने जास्त असलाच पाहिजे. लोकांनी शोधलाय, आजवर एकही मिळालेला नाही.